मागच्या चाकांतला ड्रम : मस्टँगला ३० वर्षे न मिळालेल्या ब्रेकचा इतिहास

१/
१७ एप्रिल १९६४. न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्ड कंपनीने मस्टँग ही मोटार लोकांसमोर आणली. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदवली गेली आणि वर्षभरात चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. मात्र या गाडीच्या मागच्या चाकांना सरसकट डिस्क ब्रेक मिळायला १९९४ साल उजाडावे लागले. मधल्या ३० वर्षांत जे कंपनीने केले नाही, ते हजारो मालकांनी भंगारातले सामान आणून घराच्या अंगणात केले. त्या बदलाचा, आणि त्यात दडलेल्या धोक्याचा, हा इतिहास. #धागा

२/
आधी दोन्ही ब्रेकची ओळख करून घेऊ. जुन्या स्कूटरच्या चाकाच्या मध्यभागी पातेल्यासारखा एक बंद डबा असतो. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. ब्रेक दाबला की ते फाकतात आणि डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. हा झाला ड्रम ब्रेक. सायकलच्या ब्रेकची रीत निराळी. तिथे रबराचे दोन गुटके रिमला दोन्ही अंगांनी चिमटीत धरतात. रिमच्या जागी बिडाची स्वतंत्र चकती, गुटक्यांच्या जागी पॅड आणि हाताच्या तारेऐवजी तेलाच्या दाबाने सरकणारा पिस्टन कल्पिला की डिस्क ब्रेक तयार होतो. पॅड आणि पिस्टन धरून ठेवणाऱ्या चिमट्याला कॅलिपर म्हणतात.

३/
ब्रेक गाडी थांबवतो असे म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक तो गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. १,४०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबते तेव्हा सुमारे ५ लाख ४० हजार ज्यूल उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेत सुमारे दीड लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. वेग दुप्पट झाला की हा आकडा चौपट होतो, आणि ही सारी आच काही सेकंदांत चार चाकांमधल्या थोड्याशा धातूने सोसायची असते.

४/
ड्रमचे दुखणे इथेच सुरू होते. बंद डब्यात कोंडलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, म्हणजेच शूपासून दूर जातो. त्यामुळे पेडल अधिकाधिक खाली जाऊ लागते. शूवरचे लायनर जास्त तापले की त्यांची पकडही सुटते. लांबलचक घाट उतरताना, पाय पूर्ण दाबूनही गाडी पुरेशी आवळली जात नाही, असा अनुभव यातूनच येतो. डिस्क उघड्या हवेत फिरते, पाणी झटकून टाकते आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते.

५/
मग ड्रम इतकी वर्षे टिकला कसा? त्याच्या अंगी एक विलक्षण गुण आहे. शू फिरत्या ड्रमला टेकला की ड्रमच त्याला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि शू पाचरीसारखा अधिक घट्ट बसतो. मस्टँगवर असलेल्या बेंडिक्स पद्धतीच्या ब्रेकमध्ये तर पहिला शू दुसऱ्यालाही रेटतो. म्हणजे गाडी थांबवण्याच्या कामाला गाडीची गतीच हातभार लावते आणि चालकाच्या पायाला थोडेच बळ पुरते. डिस्कमध्ये अशी फुकटची मदत नाही. तिला पिस्टन मोठा लागतो, तेलाचा दाब जास्त लागतो आणि गाडी जड असेल तर पायाच्या जोराला बळ देणारा बूस्टरही लागतो. या एका फरकातून पुढचे सारे प्रश्न उद्भवतात, तेव्हा तो ध्यानात ठेवावा.

६/
हे दोन्ही ब्रेक जवळपास समवयस्क आहेत. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉने आधुनिक ड्रम ब्रेकला आकार दिला, आणि त्याच साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. लँचेस्टरची कल्पना काळाच्या फार पुढे होती. धातूवर धातू घासून त्या ब्रेकमधून कानठळ्या बसवणारी किंकाळी उठे, आणि तेव्हाच्या धुळीच्या रस्त्यांवर उघडे यंत्र लवकर झिजे. बंद डब्यातला ड्रम त्या काळाला अधिक मानवला.

७/
किंकाळीवरचा उपाय हर्बर्ट फ्रूड या इंग्रज उद्योजकाने काढला. घोडागाडीवाले उतारावर चाकाला लाकडी ठोकळा लावून वेग आवरत, हे पाहून त्याने घर्षणाच्या चांगल्या पदार्थाचा ध्यास घेतला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ॲस्बेस्टॉसचे लायनर बनवले. त्याची कंपनी फेरोडो. या नावात त्याच्याच आडनावाची अक्षरे मागेपुढे केलेली आहेत. ॲस्बेस्टॉस उष्णतेला दाद देत नाही, म्हणून पुढची कित्येक दशके जगभरच्या मोटारी त्यावरच थांबल्या. तोच पदार्थ फुप्फुसांचा घातक रोग जडवतो. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा ड्रम आज कोणी उघडला, तर आत साठलेली राखाडी भुकटी फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये असे जाणकार बजावतात, ते याच कारणाने.

८/
पेडलपासून चाकापर्यंत पायाचा जोर तेलामार्फत पोहोचवण्याची कल्पना अमेरिकेत माल्कम लॉकहीडने पुढे आणली. १९२१च्या डुझनबर्ग मॉडेल ए या महागड्या गाडीत चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक आले आणि १९२४ साली क्रायस्लरने ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. हेन्री फोर्डचा मात्र तेलावर भरवसा नव्हता. पोलादी सळ्या आणि तारा यांवर चालणारे ब्रेक फोर्डने १९३८च्या मॉडेलपर्यंत रेटले. १९३९ साली त्याचा निरुपाय झाला. ब्रेकच्या बाबतीत फोर्ड कंपनी मागून येणाऱ्यांत असण्याची परंपरा मस्टँगच्या पुष्कळ आधीची आहे, हे इथे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

९/
डिस्कचे नशीब उजळले ते शर्यतीत. विमानांच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक बनवणाऱ्या डनलॉप कंपनीने जग्वारशी हातमिळवणी केली. १९५२ साली स्टर्लिंग मॉसने फ्रान्समधल्या रीम्स येथे डिस्क ब्रेकच्या जग्वारमधून शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जग्वार पहिली आली. तिचा सरासरी वेग ताशी १०५ मैलांवर, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर होता. त्या शर्यतीत शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली गेली. सुमारे सहा किलोमीटर सरळ धावून अवघड वळणावर वेग उतरवायचा, आणि हे दिवसरात्र शेकडो वेळा करायचे. ड्रमवाले थकलेल्या ब्रेकच्या काळजीने आधीच पाय आवरत. जग्वारचे चालक वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन ब्रेक दाबत.

१०/
दोनच वर्षांनी, ११ जून १९५५ रोजी, त्याच ठिकाणी मोटारशर्यतींच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात झाला. डिस्क ब्रेकच्या जग्वारमधून जाणाऱ्या माइक हॉथॉर्नने थांब्याकडे वळण्यासाठी ब्रेक दाबले. त्याला चुकवायला मागच्या ऑस्टिन-हीलीतला लान्स मॅकलिन बाजूला सरला आणि त्याच्यावर पिएर लव्हेगची मर्सिडीज आदळली. मर्सिडीजचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ८० हून अधिक माणसे मेली. मर्सिडीजला ड्रम होते, आणि ते कमी पडतात हे ठाऊक असल्यानेच की काय, चालकाच्या मागे वाऱ्याला अडवणारे झडपेसारखे एक फळकूटही बसवले होते.

११/
या घटनेवर ‘ड्रमने घात केला’ असे सोपे भाष्य पुष्कळदा केले जाते. ते पटण्याजोगे नाही. मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीलाही चारही चाकांना डिस्कच होत्या. चौकशीत कोणत्याही एका चालकावर ठपका ठेवला गेला नाही. निरनिराळ्या वेगांच्या गाड्या आणि थांब्यांजवळचा अरुंद रस्ता यांचा त्या अनर्थात मोठा वाटा होता. एक गोष्ट मात्र नजरेत भरते. एका गाडीची थांबण्याची क्षमता वाढली की मागून येणाऱ्याने मनाशी बांधलेला अंदाज चुकू शकतो. ब्रेक बदलणारा माणूस हा विचार क्वचितच करतो.

१२/
युरोपात त्यानंतर डिस्क झपाट्याने पसरली. १९५५च्या सिट्रोएन डीएसला पुढे डिस्क होत्या आणि १९५७च्या जग्वार एक्सके १५०ला चारही चाकांना मिळाल्या. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६५च्या कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क दिल्या. म्हणजे मस्टँग बाजारात स्थिरावत होती तेव्हा हे तंत्र अमेरिकेतही उपलब्ध होते. अडले होते ते खर्चापाशी.

१३/
मस्टँगची कुळी पाहिली की हे उलगडते. १९६०च्या मॉडेलची फोर्ड फाल्कन ही रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या काटकसरीच्या दृष्टीतून आलेली साधी, स्वस्त, कौटुंबिक गाडी. हेच मॅक्नमारा पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. ली आयाकोका यांना तरुणांसाठी देखणी गाडी हवी होती, पण तिच्यासाठी नवा सांगाडा घडवायला कंपनी राजी नव्हती. म्हणून फाल्कनचाच पाया, तिचेच सस्पेन्शन, बरेचसे तिचेच ब्रेक घेऊन वर नवा साज चढवण्यात आला. २,३६८ डॉलर ही मस्टँगची किंमत त्यामुळेच शक्य झाली. सहा सिलिंडरच्या मस्टँगला ९ इंची आणि व्ही-८ मस्टँगला १० इंची ड्रम होते, तेही चारही चाकांना.

१४/
१९६५च्या मॉडेलपासून व्ही-८ घेणाऱ्यांना पुढच्या चाकांसाठी केल्सी-हेज कंपनीच्या डिस्क मिळू लागल्या. त्यांचा जादा आकार होता सुमारे ५८ डॉलर. मागे मात्र ड्रमच राहिले. त्यामागे केवळ कंजुषी होती असे समजणे अन्यायाचे ठरेल.

१५/
बस अचानक थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात. गाडीचे वजनही तसेच पुढच्या चाकांवर जाते. मस्टँगच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १०८ इंच, म्हणजे २.७४ मीटर. तिचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून अर्धा मीटर उंच धरला, तर जोरदार ब्रेक लागताच एकूण वजनाचा साधारण १५ टक्के भाग मागून पुढे सरकतो. उभ्या गाडीत पुढे ५५ आणि मागे ४५ अशी वाटणी असेल, तर थांबताना ती ७० आणि ३० होते. मागच्या चाकांना करायचे काम तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! तिथे उष्णता कमी, म्हणून ड्रमचे दुखणेही कमी. शिवाय उभी गाडी धरून ठेवणारा हँडब्रेक ड्रममध्ये एका तारेने आणि एका दांडीने सहज बसतो. डिस्कमध्ये त्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागतो.

१६/
मागे जास्त जोराचा ब्रेक नको असण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते जिवाशी संबंधित आहे. पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ घसरत जाते. मागची चाके आधी जाम झाली तर शेपूट बाजूला फिरते आणि गाडी गरकन वळते, भरधाव रस्त्यावर आडवी होते. म्हणून गाडी आखणारा अभियंता मागच्या ब्रेकचा जोर मुद्दाम कमी ठेवतो. पुढे डिस्क असलेल्या मस्टँगमध्ये मागे जाणाऱ्या तेलाच्या नळीवर एक व्हॉल्व्ह असतो, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. ठरावीक दाबानंतर तो मागचा दाब पुढच्याच्या प्रमाणात वाढू देत नाही. तो व्हॉल्व्ह, ड्रमचा व्यास, पिस्टनचे आकार, टायरची रुंदी हे सारे एकमेकांशी जुळवून ठरवलेले असते.

१७/
याचा पुरावाच हवा असेल तर कॅरोल शेल्बीची १९६५ची जीटी ३५० पाहावी. शर्यतीसाठी तयार केलेल्या या मस्टँगला पुढे ११.३ इंची डिस्क होत्या. मागे मात्र मोठ्या फोर्ड गाड्यांचे रुंद ड्रमच. या गाडीने १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षे आपल्या वर्गातले अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. मागे ड्रम आहेत म्हणून गाडी मागासलेली, ही समजूत या तीन वर्षांपुढे टिकत नाही.

१८/
पहिल्या मस्टँगांचा खरा जीवघेणा दोष दुसरीकडे होता आणि त्याची चर्चा फार कमी होते. १९६६च्या मॉडेलपर्यंत चारही चाकांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. एखादी नळी कुठेही फुटली की सारे तेल निथळून पेडल जमिनीला टेकायचे आणि एकाही चाकाचा ब्रेक लागायचा नाही. १९६६ साली अमेरिकेत रस्त्यांवर ५० हजारांहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून दुहेरी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली. मस्टँगने १९६७च्या मॉडेलमध्येच दोन कप्प्यांचा सिलिंडर स्वीकारला. जुन्या गाडीच्या ब्रेकवर एकदाच खर्च करण्याची ऐपत असेल, तर मागच्या डिस्कच्या कितीतरी आधी हा सिलिंडर बदलणे शहाणपणाचे.

१९/
आता भंगारबाजाराकडे वळू. मस्टँगबरोबरच फाल्कनच्या सांगाड्याची दुसरी शाखाही वाढत होती. तिच्यातून १९६९ साली मॅव्हरिक आली, मॅव्हरिकच्या पायावर १९७५ची ग्रॅनाडा उभी राहिली. कॅडिलॅकने लहान आकाराची सेव्हिल काढून श्रीमंत गिऱ्हाईक ओढले, तेव्हा फोर्डने घाईघाईने ग्रॅनाडालाच मखमली आसने आणि चकचकीत जाळी चढवून १९७७ साली लिंकन व्हर्साय म्हणून विकायला काढले. ग्रॅनाडाच्या कितीतरी पट किंमत मागणारी ही नक्कल लोकांनी लगेच ओळखली. चार वर्षांत जेमतेम ५० हजार गाड्या खपल्या आणि १९८० साली व्हर्साय बंद पडली. तिची टवाळी आजही होते.

२०/
पण या फसलेल्या गाडीच्या पोटाखाली एक ठेवा होता. तिला भक्कम ९ इंची मागचा ॲक्सल होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना कारखान्यातूनच डिस्क ब्रेक बसवलेले होते. चाकाला पाच बोल्ट, त्यांचे अंतर व्ही-८ मस्टँगसारखेच. रुंदी पहिल्या मस्टँगपेक्षा किंचित जास्त, आणि १९६७ नंतरच्या मस्टँगला तर जवळजवळ नेमकी. व्हर्सायचा ॲक्सल काढावा आणि जुन्या मस्टँगच्या पाट्यांवर बसवावा, फार कापाकापी नाही. पुढच्या चाकांसाठी ग्रॅनाडाचे डिस्कसह सामान असेच चपखल बसे. भंगारात पडलेल्या व्हर्सायला जिवंतपणी न मिळालेली किंमत मेल्यावर आली.

२१/
हे सामान बसले ते योगायोगाने नव्हे. दोन्ही गाड्या एकाच फाल्कनच्या भावकीतल्या. नवा सांगाडा घडवायचा खर्च टाळण्याच्या ज्या वृत्तीने मस्टँगला स्वस्त ड्रम दिले, तिनेच १३ वर्षांनंतरच्या लिंकनलाही त्याच मापांत ठेवले. कंपनीने काटकसर केली म्हणून मालकांना ब्रेक बदलावे लागले, आणि कंपनीने काटकसर केली म्हणूनच ते त्यांना बदलता आले.

२२/
बोल्ट जुळले म्हणजे ब्रेक जुळले, असे मात्र नाही. हा बदल करणाऱ्यांची पहिली फजिती व्हायची ती एका बारीकशा व्हॉल्व्हने. ड्रमच्या सिलिंडरमधली रबरी वायसरे ब्रेक सोडल्यावर हवा आत घेऊ नयेत म्हणून जुन्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो नळीत चौरस इंचाला सुमारे १० पौंड दाब कायम राखून ठेवतो. ड्रममध्ये शूंना मागे ओढणाऱ्या कडक स्प्रिंगा असतात, त्यांच्यापुढे हा दाब क्षुल्लक ठरतो. कॅलिपरला स्प्रिंग नसते. तिथे तेवढा दाबही पॅडला डिस्कशी सतत घासत ठेवायला पुरतो. नव्या ब्रेकचे कौतुक करत मालक वीस-पंचवीस किलोमीटर जातो, मागून जळका वास येतो आणि उतरून पाहावे तर डिस्क तापून निळी पडलेली. दोष ना डिस्कचा ना ॲक्सलचा. ड्रमसाठी केलेली एक सोय काढायची राहून गेलेली असते.

२३/
दुसरी अडचण तेलाच्या मापाची. मागच्या ड्रममधल्या पिस्टनचा व्यास एका इंचाच्या आत असतो, कॅलिपरच्या पिस्टनचा सुमारे दोन इंच; व्यास दुप्पट तर क्षेत्रफळ चौपट. जुन्या सिलिंडरला एवढे तेल ढकलताना पेडल खोल जाते. म्हणून मोठा सिलिंडर घातला की तेल पुरते, पण त्याच पायाने निर्माण होणारा दाब घटतो, आणि डिस्कला तर जास्तच दाब हवा! मग बूस्टर आणा. इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर जुन्या मस्टँगच्या दाटीवाटीत बसवणे हे निराळेच दिव्य. एक भाग बदलायला निघालेला माणूस पाहतापाहता पेडलपर्यंत सगळे उसवून बसतो.

२४/
तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आणि तीच सर्वांत जास्त दुर्लक्षित. ड्रमसाठी आखलेला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मागच्या डिस्कला जसाच्या तसा चालेलच असे नाही. तो काढूनच टाकला किंवा चुकीचा निवडला, तर मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होऊ शकतात. कोरड्या रस्त्यावर हळू चालवताना यातले काहीच जाणवत नाही. पहिल्या पावसात, रस्त्यावर कोणी आडवे आले म्हणून पाय जोरात पडतो तेव्हाच ते कळते. म्हणून अनुभवी मिस्त्री हाताने फिरवून दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह बसवतात, मोकळ्या जागेत वेग हळूहळू वाढवत कडक ब्रेक मारून पाहतात आणि पुढची चाके नेहमी आधी जाम होतील इतका मागचा दाब उतरवून ठेवतात. दिवसभराच्या मेहनतीने मिळवलेला मागचा जोर संध्याकाळी आपल्याच हाताने कमी करायचा, हे पुष्कळांच्या पचनी पडत नाही.

२५/
या सगळ्यातून हाती काय लागते? एकदाच जोरात ब्रेक दाबून मोजले, तर थांबण्याच्या अंतरात फार मोठा फरक पडत नाही. ते अंतर शेवटी टायरची पकड ठरवते, आणि चाके जाम करण्याइतका जोर चांगल्या स्थितीतल्या ड्रममध्येही असतो. लाभ होतो तो पुन्हा पुन्हा ब्रेक लागतात तिथे: लांब उतारावर, शर्यतीच्या मार्गावर, मागे काही ओढून नेताना. पाण्यातून गेल्यावर डिस्क लवकर सावरते. ड्रममधल्या स्प्रिंगांच्या जंजाळापेक्षा पॅड बदलणे सुटसुटीत असते. पुढे अजून ड्रमच असतील आणि केवळ मागे डिस्क बसवली, तर तो पैसा आणि तोल दोन्हींचा अपव्यय होय.

२६/
फोर्डने स्वतः चारही चाकांना डिस्क असलेली मस्टँग आणली ती १९८४ साली, एसव्हीओ या मर्यादित आवृत्तीत. तिचेही बरेचसे ब्रेकचे सामान लिंकनकडूनच घेतलेले. १९९३च्या कोब्राला त्या मिळाल्या आणि १९९४ साली नव्या रूपातल्या प्रत्येक मस्टँगला. तोवर व्हर्सायचे ॲक्सल दुर्मीळ होऊ लागले होते. त्यांचा हँडब्रेकही कटकटीचा होता: कॅलिपरच्या आतच स्क्रूची यंत्रणा, ती गंजली की उतारावर गाडी सोडून जाण्याची हिंमत होत नसे.

२७/
त्यावर उपाय पुन्हा फोर्डच्याच दुसऱ्या गाडीत सापडला. १९९५ पासूनच्या एक्स्प्लोररच्या मागच्या ॲक्सलला डिस्क होत्या. त्याची एक बाजू लांब आणि दुसरी आखूड असे; लांब बाजूची नळी कापून छोटी करायची, आत दुसऱ्या एक्स्प्लोररचा आखूड शाफ्ट घालायचा, पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड करायच्या, की तो मस्टँगखाली जातो. या ॲक्सलचा हँडब्रेक मात्र पॅडवर चालत नाही. डिस्कचा मधला भाग टोपीसारखा पोकळ असतो. तिच्या आत, चाक काढल्याशिवाय दिसणार नाहीत असे, तारेने फाकणारे दोन छोटे शू बसवलेले आहेत. मागच्या चाकांतून ड्रम हद्दपार करून मालक गाडी उतारावर लावतो आणि हँडब्रेक ओढतो, तेव्हा गाडी धरून ठेवतो तो एक ड्रमच.